फ्रिजच्या दारातला उस्मा

मार्गिलान, ९ मे

रानो,

वर ‘प्रिय’ लिहायचं राहून गेलेलं नाही. मुद्दाम लिहिलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी मी शपथ घेतली की तुझ्याशी फोनवर एक शब्द बोलणार नाही. कागदाबद्दल काही म्हटलं नव्हतं, म्हणून हा कागद. तुझा थर्मास ताश्कंदहून ज्या टॅक्सीतून येतो, त्याच टॅक्सीतून हा जाईल. एर्गाश-अका म्हणाला, "सनोबार-ओपा, तुम्हा बहिणींचं भांडण डिकीत घातलं की घाटात माझ्या गाडीचं इंजिन तापतं." मी म्हटलं, तापू दे.

आता मुद्द्याचं. काल फरगान्याला डॉक्टर तुर्सुनोयकडे जाऊन आले. डोळ्यांतला दाब उजवीकडे एकतीस, डावीकडे अठ्ठावीस. थंडी सरताना हाच दाब सतरा होता. डॉक्टरीणबाईंनी मला खुर्चीतच उभं-आडवं घेतलं.

"थेंब घालता का?"

"रोज संध्याकाळी. दोन्ही डोळ्यांत एकेक."

"खरं सांगा."

"डॉक्टर, मला खोटंच बोलायचं असतं तर आधी वय कमी सांगितलं असतं."

"मग दाब काय हवा खाऊन वाढला?"

मग त्यांनी एक कागद पुढे टाकला. माझ्या उजव्या डोळ्याला जग कुठून कुठपर्यंत दिसतं त्याचा नकाशा. नाकाच्या बाजूला काळा डाग होता, तो आता वरपर्यंत चढलाय. "हे गेलं ते गेलं," म्हणाल्या. "थेंब गेलेलं परत आणत नाहीत. उरलेलं राखतात. तुम्ही राखत नाही आहात."

रानो, मी राखतेय. संध्याकाळची नमाज झाली की मान मागे टाकते, थेंब सोडते, डोळा मिटते, नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून धरते, सगळं त्यांनी शिकवलं तसं. तेव्हा चूक माझी नाही, बाटलीतल्या मालाची आहे. तू पाणी मिसळतेस की तुझा तो औषधवाला मिसळतो? शाळेत पोरांना रसायनशास्त्र शिकवतेस ना? औषध कोणतं आणि नळाचं पाणी कोणतं, एवढं तरी ओळखता यायला हवं. की थोरल्या बहिणीला, ओपाला, पाणीसुद्धा चालेल, तिला कुठे दिसतंय?

हो, तेच वाक्य. माझ्या बेहझोदच्या लग्नात, नवऱ्या मुलाची टोपी, मी शिवलेली दोप्पी, हातात घेऊन तू उजेडात धरलीस आणि चाळीस बायकांसमोर म्हणालीस, "ओपा, हा चौथा बदाम वाकडा आलाय. तुला दिसत नाहीये. वडिलांसारखंच होतंय तुला." नवव्या वर्षापासून दोप्प्या शिवतेय मी. काळ्या कापडावर चार पांढरे बदाम, कडेला सोळा कमानी. मार्गिलानमध्ये डोकी आहेत तेवढ्यांवर माझा टाका बसला असेल. आणि माझ्याच मुलाच्या टोपीत खोट! तिथेच तुला सांगितलं, पुन्हा या उंबऱ्यावर पाय ठेवू नकोस.

मी नंतर गुपचूप डॉक्टरकडे गेले हे तुला कोणी सांगितलं ते मी अजून शोधतेय. पण तेव्हापासून दर महिन्याला तुझा थर्मास येतो. आत बर्फ, बर्फात बाटली, चिठ्ठी नाही. आणि दर महिन्याला मी तो रिकामा परत करते. आपल्या गल्लीत कोणी उसना आणलेला पियालासुद्धा रिकामा परत देत नाही, निदान दोन जर्दाळू तरी घालून देतात. तुला अर्थ कळला असेलच.

या वेळी धुतलेलासुद्धा नाही.

सनोबार


२ जून

रानो,

थर्मास पोचला. सीलबंद खोका पोचला. तुझी चिठ्ठीही पोचली: "सील बघून घे. मग शिव्या दे. आणि शहलोचे डोळे तपासून घे, हा आजार घराण्यात उतरतो."

सील बघितलं. शाबूत आहे. शिव्या तरीही देणार आहे, कारण तिसरं वाक्य.

मुलीचे डोळे तपासून घे! किती सोपं! विसाव्या वर्षात असलेली मुलगी घेऊन डोळ्यांच्या दवाखान्याच्या बाकावर बसायचं, जिथे निम्मं मार्गिलान आधीच बसलेलं असतं. संध्याकाळपर्यंत गल्लीत होईल की शहलो आंधळी होतेय, दुसऱ्या दिवशी होईल की ती जन्मापासूनच आंधळी होती. मागणी घालायला येणाऱ्या बायका दस्तरखानावर बसल्या की मुलीच्या आजीचे दातसुद्धा मोजतात. तू ताश्कंदला राहतेस. तुमच्याकडे शेजारणीला शेजारणीचं नाव माहीत नसतं. आमच्याकडे तिला माझं रक्त माहीत असतं.

आणि आत्ताच तर सगळं जुळत आलंय. रेशमाच्या दुकानवाल्यांच्या घरची करोमात-ओपा दोनदा येऊन गेली. तिसऱ्या वेळी नान घेऊन येईल. नान मोडलं की ठरलं.

मी मूर्ख नाही. बंदोबस्त मी पहिल्याच दिवशी केला होता. बाटलीवरचा कागद भिजवून काढला, वर शाईने ‘उस्मा’ लिहिलं आणि फ्रिजच्या दारात अंड्यांशेजारी ठेवली. घरात सांगितलं, तुमच्या मावशीने, रानो-खोलाने, ताश्कंदहून उस्माचं तेल पाठवलंय, पापण्यांसाठी, महाग आहे, कोणी हात लावायचा नाही. डॉक्टरीणबाईच एकदा बोलल्या होत्या की या थेंबांनी पापण्या लांब होतात, तेव्हा खोटंसुद्धा अगदीच हवेतलं नाही. संध्याकाळी मी डोळ्यांपाशी काही करताना दिसले तर सून म्हणते, "ओयी, या वयात एवढा नट्टापट्टा!" म्हणू दे. नटवी म्हटलेली मला चालते. आजारी म्हटलेली चालत नाही.

तुला जळवायचं म्हणून एक सांगते. परसातला खरा उस्मा यंदा असा काही फोफावलाय की विचारू नकोस. दर शुक्रवारी पानं खलून मी स्वतः तो हिरवा रस शहलोच्या भुवयांना लावते, काडीने थोडा पापण्यांनाही. दोन महिन्यांत पोरीच्या पापण्या अशा वाढल्यात की डोळा मिटला तर गालावर सावली पडते. करोमात-ओपा बघतच राहिली. "सनोबार, हात आहे की जादू?" मी नुसती हसले. शेजारची बाश्शोरात दिवसाआड पानं मागायला येते. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा ही बाई माझ्याकडे काहीतरी मागतेय, नाहीतर नुसते सल्ले देत होती.

उजवा डोळा चार दिवस लाल आहे. सकाळी चिकटतो. तुझ्या आधीच्या बाटलीचा प्रताप. सील नवीन आहे, पण पाप जुनंच.

थर्मास रिकामा.

सनोबार


१९ जून

रानो,

हे पत्र वाचताना हसलीस तर मला इथे ऐकू येईल.

तुझी सीलबंद बाटली उघडली, तिचाही कागद काढला, ‘उस्मा’ लिहिलं. दहा दिवस थेंब घातले. अकराव्या दिवशी बाटली खिडकीपाशी धरली. मला कडा दिसत नाहीत, पण खिडकीच्या उजेडात डोळ्यासमोर धरलेली बाटली दिसते. रानो, ती आदल्या दिवशीपेक्षा जास्त भरलेली होती. गाय दूध देते तशी बाटली औषध द्यायला लागली.

दुपारी बाजाराला जाते म्हणून सांगितलं आणि स्वयंपाकघरात पिठाच्या पोत्यामागे बसले. गुडघे माझे, त्यामुळे खाली बसायलाच पाच मिनिटं लागली. थोड्या वेळाने माफतुना आली. तुला माहीत आहे ना ही, बेहझोदची बायको, जी माझ्यासमोर मान वर करत नाही. फ्रिज उघडला, बाटली काढली, दाताने वरची चोच उपटली आणि चहाच्या किटलीतलं गार झालेलं पाणी थेंब थेंब आत सोडायला लागली. हात इतका स्थिर की दोप्पी शिवायला बसवावी.

मी पोत्यामागून उठले. तिच्या हातून किटली पडली.

"ओयी! तुम्ही बाजाराला..."

"बाजार इथेच भरलाय. काय चाललंय?"

"कमी झालं होतं ना... तुम्ही रागवाल म्हणून..."

"कमी कोणी केलं?"

तेवढ्यात शहलो दारात आली आणि दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. तेव्हा पहिल्यांदा दोघींच्या पापण्या मी शेजारी शेजारी बघितल्या, रानो. चार डोळे, चार झाडू.

"मी सांगितलं होतं हात लावू नका!"

"हात नाही लावला," माफतुना म्हणाली. "काडीने लावलं."

मला वाटलं ती टोमणा मारतेय. नव्हती मारत. रडत होती. म्हणाली, बेहझोद रशियातून व्हिडिओवर बोलतो तेव्हा सिमेंट, फोरमन आणि पाठदुखी याशिवाय बोलत नाही. एप्रिलमध्ये म्हणाला, तुझे डोळे छान दिसतायत. "दीड वर्षात एवढंच एक वाक्य मिळालं, ओयी. मग मी रोज लावायला लागले."

शहलोने तर काडीसुद्धा वापरली नाही. "तुम्ही डोळ्यात घालता ते मी दारातून बघितलं होतं. म्हटलं, तसंच घालायचं असेल." रोज एकेक थेंब, दोन्ही डोळ्यांत, मार्चपासून. म्हणजे परसातला उस्मा, माझा हात, माझी जादू, सगळं तुझ्या थर्मासमधलं. खोटं मी रचलं आणि त्यावर विश्वास ठेवणारी पहिली बाईही मीच.

अजून संपलेलं नाही. बाश्शोरात पानं न्यायला येत नव्हती. माझी सून तिला मागच्या दारी दोन दोन थेंब सुरमादाणीत घालून देत होती. शेजारणीला नाही कसं म्हणायचं? तिच्या बहिणीला, बहिणीच्या नणंदेलाही. एप्रिलपासून मी डोळ्यांत काय घालत होते माहीत आहे? किटलीतलं पाणी. डोळा लाल झाला तो त्यानेच. आणि ‘पाणी मिसळतेस’ म्हणून मी तुला पान भरून लिहिलं.

माफी मागत नाहीये. नुसतं कळवतेय.

तू म्हणशील, मग पोरींना खरं काय ते सांग. नाही सांगितलं. शहलोने विचारलं, "ओयी, उस्मासाठी एवढं पोत्यामागे बसलात?" मी म्हटलं, महाग आहे. करोमात-ओपा सत्तावीसला येतेय. नान मोडेपर्यंत माझं तोंड शिवलेलं आहे, आणि टाका माझा आहे, उसवायचा नाही.

उरलेलं पाणचट औषध ओतून दिलं. एर्गाश-अकाबरोबर एक बाटली लवकर पाठव. थर्मास रिकामा आहे, पण धुतलाय.

सनोबार


२८ जून

रानो,

बाटली वेळेवर आली. पंचवीसला आली, सत्तावीसला गेली. सांगते.

करोमात-ओपा काल दोघी बायकांना घेऊन आली. फुलांच्या रुमालात नान. पुलाव चांगला झाला होता, गाजर शहलोने चिरलं होतं. बोलणी भाताच्या वासासारखी हळूहळू पसरत होती. मी चहा ओतायला बसले. चहाचं तुला सांगायला नको. पियाल्यात तळापुरताच ओतायचा, म्हणजे पाहुण्याला पुन्हा पुन्हा मागता येतो. काठोकाठ भरला तर त्याचा अर्थ, प्या आणि उठा.

मी करोमात-ओपाचा पियाला काठोकाठ भरला.

काठावरून दस्तरखानावर आला तेव्हा कळलं. उजवीकडून ओतत होते, आणि उजवीकडे माझा तो काळा नकाशा. तिच्याबरोबरच्या बाईने "हा!" असा आवाज काढला. करोमात-ओपा पियाल्याकडे बघत राहिली. शहलो पटकन म्हणाली, "ओयीचा हात थरथरला, त्यांना दोन दिवस झोप नाही." पोरीने वाचवलं. खोटं बोलायला मी तिला वेगळं शिकवलेलं नाही, पण घरातच होतं.

करोमात-ओपाने मन मोठं केलं, हसली आणि विषय बदलायचा म्हणून शहलोची हनुवटी वर केली. "या पापण्या! सनोबार, काय ते उस्माचं तेल आहे म्हणे तुझ्याकडे, अख्ख्या गल्लीत चर्चा आहे. माझ्या धाकटीच्या पापण्या अगदी विरळ. दाखव तरी." बाश्शोरातचं तोंड. सुनेने आणून दिलं. करोमात-ओपाने बाटली हातात घेतली, फिरवली, म्हणाली, "किती गोड आहे गं ही छोटीशी."

पाहुण्याने ज्याचं कौतुक केलं ते त्याला द्यायचं, ही आईची शिकवण. तिने या पायी दोन रजया आणि एक शेळी घालवली. करोमात-ओपा बाटली रुमालात बांधायला लागली. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, की मी म्हणेन, घ्या, तुमचीच आहे.

रानो, मी हिशेब केला. बाटली गेली तर एर्गाश-अका परत येईपर्यंत पंधरा दिवस कोरडे. आणि तिची धाकटी, पंधरा वर्षांची पोर, धडधाकट डोळ्यांत हे ओतेल. हे मी शहाणपणाने ठरवलं असं समजू नकोस. मला राग आला. तिचा, बाश्शोरातचा, त्या फुलांच्या रुमालाचा, सर्वांत जास्त तुझा, कारण तू दोन वर्षांपूर्वी बरोबर बोलली होतीस आणि तेही चाळीस बायकांसमोर.

मी म्हटलं, "ठेवा ते. उस्मा नाही. काचबिंदूचं औषध आहे, माझं. तुमच्या मुलीच्या डोळ्यात घालाल तर खबरदार."

तिने रुमालाची गाठ सोडायला घेतली.

"आणि चहा काठोकाठ भरला तो अपमान नव्हता, करोमात-ओपा. मला काठ दिसला नाही."

तिने अगदी हळू विचारलं, "घराण्यात आहे?"

"वडील साठीला रस्त्याकडेच्या पाटात पडले. आम्ही सांगितलं, बर्फावरून पाय घसरला. जून महिना होता."

"आणि मुलगी?"

"तपासलेली नाही. तुम्ही येणार होतात ना."

बाटली तिने दस्तरखानावर ठेवली, माझ्या डाव्या हाताला. डाव्या, रानो. एवढं तिने बघितलं. मग मुलाचं शिक्षण, उन्हाळा, प्रवास असं काहीबाही बोलून तिघी उठल्या. नान न मोडता तिथेच राहिलं. जाताना ती म्हणाली, "सनोबार, सांगितलंस ते बरं केलंस," आणि पुन्हा येईन असं म्हणाली नाही. आज सकाळी बाश्शोरात आली होती, हात हलवत. तिला सुरमादाणी परत मागितली.

ते नान आम्ही आज खाल्लं. चांगलं होतं. कांदा घातला होता आत.

शहलो काल संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. नंतर माझ्यासमोर येऊन म्हणाली, "मान मागे करा." थेंब तिने घातले. हात जड आहे तिचा, पहिला थेंब गालावर गेला. मी ओरडले. ती म्हणाली, "ओरडा. पण आजपासून मीच घालणार, आणि बाटलीवर खरं नाव मीच लिहिणार." लिहिलंय. अर्धा फ्रिज ओलांडून वाचता येतं एवढ्या अक्षरात.

सनोबार

ता. क. बाटली गेली असं वर लिहिलं. गेली ती उस्माची. औषधाची आहे.


७ जुलै

रानो,

शहलोला घेऊन दवाखान्यात गेले. बाकावर बसलो, निम्मं मार्गिलान होतंच. माझ्या आतेनणंदेने विचारलं, "कोणाचे डोळे?" मी म्हटलं, "दोघींचे. तुझे कोणाचे?" ती पिशवीत काहीतरी शोधायला लागली.

माझा दाब बावीस. उतरतोय. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकलं, पोतं, किटली, सुरमादाणी. आधी हसल्या. मग भडकल्या. मग शहलोला यंत्रासमोर बसवलं. एकोणीस.

मी म्हटलं, "चांगला आहे ना?"

"चांगला आहे का ते मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "ही पोर तीन-चार महिने रोज दाब उतरवायचं औषध घालतेय. खरा आकडा कुठे आहे? औषध बंद करा, दीड महिन्याने या. आणि हिच्या डोळ्यामागची नस नीट बघायला मोठं यंत्र लागेल. ते ताश्कंदला आहे."

म्हणजे मी आजार लपवायला जे खोटं केलं, त्याने माझ्या मुलीचा आजार असलाच तर तोही लपवला. सतरा वर्षं संसार केला, पंधरा वर्षं एकटीने पोरं वाढवली, तेहेतीस हजार कमानी काढल्या असतील, पण इतकं नेटकं काम माझ्या हातून कधी झालं नव्हतं.

दीड महिना, रानो. मला झोपेत एकोणीस दिसतं. शहलो मजेत आहे. म्हणते, "तो मुलगा दोन्ही वेळा फोनमध्येच बघत होता, ओयी. माझ्या पापण्या त्याने बघितल्या नसतील." मला माहीत आहे ती उशीत तोंड घालून काय करते. पण तोंडावर असंच बोलते. माझी मुलगी आहे.

तर आता नीट ऐक. वीस ऑगस्टला आम्ही दोघी एर्गाश-अकाच्या गाडीने येतोय. तुझ्या घरी उतरू. मी तुझ्याशी फोनवर बोलणार नाही, शपथ शपथ असते, पण समोरासमोर बोलायला हरकत नाही. ते मोठं यंत्र कुठे आहे ते शोधून ठेव, नंबर लावून ठेव, आणि तिथे बायकांसमोर मोठ्याने काही बोलू नकोस. बोलायचं असेल तर आधी मला सांग, मी बोलेन.

थर्मास परत पाठवतेय. उघडताना जपून, रिकामा नाही.

आत बेहझोदची ती लग्नाची दोप्पी आहे, घडी करून कोंबलीय. काल खिडकीत बसून मी चौथ्या बदामावरून बोट फिरवलं. डोळ्यांवर भरवसा नव्हता म्हणून बोट. तीनदा फिरवलं.

वाकडा आहे.

सनोबार-ओपा